३० नंबरची दाढ: डॅलसमध्ये की ठाण्यात?

माझ्या एका पेशंटने लिहून विचारलेला प्रश्न असा आहे. पाचपाखाडीतल्या या गृहस्थांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी डॅलसला गेला. ऑक्टोबरअखेर त्याची दाढ दुखायला लागली. तिथल्या डेंटिस्टने '३० नंबरच्या दाताला' रूट कॅनाल, बिल्डअप (उरलेल्या दाताला सिमेंटचा भक्कम आधार) आणि क्राउन (कॅप) असा ३,२०० डॉलरचा अंदाज दिला. शिवाय 'डीप क्लीनिंग'चे १,१०० डॉलर वेगळे. कंपनीचा डेंटल विमा आहे, त्याची वर्षाची मर्यादा १,५०० डॉलर. मुलाचं म्हणणं, डिसेंबरात दोन आठवडे ठाण्याला येतोच आहे, तेव्हाच सगळं करून घेतो. तोवर कुणाबरोबर तरी अँटिबायोटिक पाठवा. सूनबाई जानेवारीत जाणार आहेत, त्यांची खालची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली आहे. मे महिन्यात हे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नीही सहा महिन्यांसाठी जाणार. तर कुठलं काम कुठे आणि कधी करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. रूट कॅनाल तिथेच आणि याच आठवड्यात. कॅप डिसेंबरात ठाण्यात. डीप क्लीनिंगला लगेच हो म्हणू नका. आणि गोळ्या पाठवू नका.

मी नौपाड्यात गेली अनेक वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. आता निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी बाहेर आहे, त्यामुळे हा प्रश्न देश बदलून माझ्याकडे सतत येतो. बहुतेक लोक तो "तिथे महाग, इथे स्वस्त" एवढ्यावरच सोडवतात आणि तिथेच चुकतात. दातांची काही कामं एकदा झाली की संपतात. काहींना वर्षानुवर्षं लक्ष द्यावं लागतं. काही तर चार दिवससुद्धा थांबत नाहीत. कुठलं काम यातलं कोणतं, हे ओळखलं की देश आपोआप ठरतो.

तुम्ही विचारलंय, ३० नंबर म्हणजे अक्कलदाढ का? नाही. अमेरिकेत दात वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सलग मोजतात. आम्ही इथे तोंडाचे चार भाग करून दोन अंकी नंबर देतो. त्यांचा ३० म्हणजे आमचा ४६, खालची उजवी पहिली मोठी दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, त्यामुळे सगळ्यात आधी किडते ती बहुधा हीच. नंबरांचा हा घोळ वरवर किरकोळ वाटतो, पण आमच्या पद्धतीने १४ म्हणजे वरची उजवी लहान दाढ आणि त्यांच्या पद्धतीने १४ म्हणजे वरची डावी मोठी दाढ. म्हणून परदेशी जाणाऱ्या पेशंटच्या कागदावर मी नंबराशेजारी 'खालची उजवी पहिली दाढ' असं इंग्रजीत शब्दांतही लिहून देतो.

आता दुखण्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, गरम चहाने कळ मस्तकात जाते, आणि मुलगा उशाशी बर्फाच्या पाण्याची बाटली घेऊन झोपतो, कारण गार पाण्याची चूळ धरली की बरं वाटतं. हे एवढं वाचून मला एक्स-रे न बघताही बरंचसं कळलं. थंडाने कळ येते आणि लगेच जाते, तोवर दाताची नस वाचायची आशा असते. गरमाने दुखतं आणि थंडाने शमतं, याचा अर्थ नस मरायच्या वाटेवर आहे. ती परत सुधारत नाही. या अवस्थेतला माणूस महिना-दीड महिना थांबू शकत नाही. आणि समजा मधेच दुखणं अचानक थांबलं, तर पोरगा खूश होईल, पण त्याचा अर्थ नस मेली एवढाच असतो. पुढे मुळाशी पू धरतो आणि सूज नेमकी विमानात नाहीतर मुंबईत उतरल्यावर पहिल्या रात्री येते. किडलेल्या किंवा सैल सिमेंटच्या दातात हवा अडकलेली असली, तर विमान वर जाताना दाब कमी होऊन दात भयंकर ठणकतो, हेही लक्षात ठेवा. अठरा-वीस तासांच्या प्रवासात ते सोसणं म्हणजे शिक्षाच.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे केमिस्टकडून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रो (मेट्रोनिडाझोल) या अँटिबायोटिकची पट्टी आणायची सवय घरोघरी आहे. नस सुजून दुखत असते तेव्हा अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. दुखणं दाताच्या आत कोंडलेल्या सुजेचं असतं, गोळीने ते सुटत नाही. तिथला डॉक्टर लिहून देत नाही म्हणून तो निष्काळजी आहे असं समजू नका. रूट कॅनालची वेळ मिळेपर्यंत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५००, दोन्ही एकत्र, पोटभर खाल्ल्यावर घ्यायचं. हे दातदुखीवरचं चांगलं जोडऔषध आहे आणि तिथे दोन्ही दुकानात सहज मिळतात. अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा या गोळ्यांची ॲलर्जी असेल तर मात्र विचारून. केटोरोल ही जोरदार वेदनाशामक गोळी पाठवू नका. ती गोळी पाच दिवसांच्या वर घ्यायची नसते, आणि लोक ती महिनाभर पेपरमिंटसारखी चघळतात. लवंगेचं तेल चालेल, पण कापसावर एक थेंब, नेमका किडलेल्या जागी. हिरडीला लागलं तर भाजतं.

जबड्याखाली सूज उतरू लागली, तोंड उघडेना, ताप आला, गिळायला त्रास व्हायला लागला, तर खर्चाचा विचार न करता सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची. नुसत्या दाढदुखीसाठी मात्र तिथे जाऊ नये. तिथे सहसा डेंटिस्ट नसतो. वेदनाशामक आणि कदाचित अँटिबायोटिक देऊन घरी पाठवतात आणि बिल मोठं येतं.

आता विमा. अमेरिकेतला डेंटल विमा हा आपल्या मेडिक्लेमच्या डोळ्यांनी वाचला की फसगत होते. मेडिक्लेममध्ये लहान खर्च आपला आणि मोठा कंपनीचा. तिथला डेंटल विमा नेमका उलटा चालतो: लहान खर्च ते देतात, मोठ्यात हात आखडता घेतात. साधारण मांडणी अशी की तपासणी, एक्स-रे आणि वर्षातून दोनदा सफाई यांचे १०० टक्के, सिमेंट भरणं वगैरे 'बेसिक' कामांचे ८० टक्के, क्राउन-ब्रिज अशा 'मेजर' कामांचे ५० टक्के. आणि या सगळ्यावर वर्षाची मर्यादा, बहुतेक योजनांत हजार ते दोन हजार डॉलर. ती संपली की पुढचं सगळं तुमचं. (आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी अपघाताने दात तुटला तरच बघतात, एरवी दात म्हणजे शरीराचा भागच नव्हे जणू.)

चिरंजिवांचा हिशोब करून बघू. रूट कॅनाल १,४००, बिल्डअप ३००, क्राउन १,५००, असे ३,२०० धरू. रूट कॅनाल त्यांच्या योजनेत बेसिकमध्ये आहे असं समजू. पहिले ५० डॉलर डिडक्टिबल म्हणून स्वतःचे. उरलेल्या १,३५० चे ८० टक्के म्हणजे १,०८० विमा देईल. बिल्डअप आणि क्राउन मेजरमध्ये धरले, तर निम्मे, म्हणजे बिल्डअपचे १५० आणि क्राउनचे ७५०. बेरीज १,९८०. पण मर्यादा १,५०० ची, आणि तपासणी आणि एक्स-रेमध्ये त्यातले २०० आधीच गेले असतील, कारण बऱ्याच योजनांत फुकटची तपासणीही मर्यादेतूनच वजा होते. उरले १,३००. म्हणजे सगळं या वर्षात तिथे केलं तर खिशातून १,९०० डॉलर.

याच कामाची तारीख हलवा. रूट कॅनाल आणि बिल्डअप नोव्हेंबरात, क्राउन जानेवारीत. बहुतेक योजनांची मर्यादा १ जानेवारीला नव्याने सुरू होते. या वर्षी विमा १,२३० देईल, पुढच्या वर्षी नवं डिडक्टिबल वजा करून क्राउनचे ७२५. खिशातून १,२४५. काम तेच, डॉक्टर तोच, ६५५ डॉलर वाचले. तिथले जुने लोक हे बरोबर करतात, नवे गेलेले करत नाहीत.

आणि तिसरा रस्ता, जो मला तुमच्या बाबतीत सगळ्यात बरा वाटतो. रूट कॅनाल आणि बिल्डअप तिथे. त्यात त्याच्या खिशातून ३२० अधिक १५०, म्हणजे ४७० डॉलर जातील. क्राउन, म्हणजे आपली कॅप, डिसेंबरात इथे. ठाण्यात झिरकोनियाची (पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकची) चांगली कॅप साधारण आठ ते पंधरा हजारांत होते. दाढ घासून माप घ्यायचं, लॅबमधून यायला पाच-सात दिवस, मग बसवायची. दोन आठवड्यांच्या सुट्टीत लग्नं-बारशी सांभाळून हे आरामात होतं. त्याच्या योजनेत रूट कॅनाल मेजरमध्ये निघालं, तर ४७० चे ८७५ होतील. तरीही हाच रस्ता परवडतो, कारण तिकीट काढलेलंच आहे. नुसत्या दाढेसाठी तिकीट काढायचं असतं तर मी हा सल्ला दिला नसता. येण्याजाण्याच्या भाड्यात सगळी बचत वाहून गेली असती.

मधल्या पाच-सहा आठवड्यांत त्या बाजूने शेंगदाणे, चिक्की, बर्फ असलं काही चावायचं नाही. रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय उभी चिरू शकते, आणि तशी चिरली की बहुधा काढण्याशिवाय इलाज नाही. म्हणून हा रस्ता आठवड्यांचा आहे, "पुढच्या दिवाळीत बघू"चा नाही. रूट कॅनाल करणाऱ्याला आधीच सांगायचं की कॅप दीड महिन्याने बसणार आहे, म्हणजे तो बिल्डअप भक्कम करेल आणि दाढेचे उंच कोपरे थोडे उतरवून ठेवेल. शेवटचा एक्स-रे ईमेलवर मागून घ्यायचा. तो तिथे सहज देतात. मला तो फोटो बघायचा आहे, मुळं टोकापर्यंत भरलीत की नाही ते. त्याशिवाय मी कॅप बसवत नाही.

काम सुरू करण्याआधी तिथे दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. एक, डॉक्टर 'इन-नेटवर्क', म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला आहे का. नसेल तर विमा त्याच्या स्वतःच्या ठरवलेल्या दरावर टक्केवारी काढतो, डॉक्टरच्या बिलावर नाही, आणि फरक पेशंटच्या गळ्यात. दोन, 'प्री-ट्रीटमेंट एस्टिमेट'. प्रत्येक कामाला तिथे एक 'डी'ने सुरू होणारा कोड असतो. दाढेच्या रूट कॅनालचा डी-३३३०, सिरॅमिक क्राउनचा डी-२७४०. दवाखाना हे कोड विमा कंपनीला पाठवून किती मिळतील ते लेखी मागवून देतो. ठणका असताना आठवडाभर थांबणं शक्य नाही, पण विमा कंपनीला फोन करून कोड वाचून दाखवले की बरंचसं तिथल्या तिथे कळतं. रूट कॅनाल बेसिक की मेजर, आणि नव्या माणसाला मेजर कामासाठी सहा-बारा महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे का, हे दोन प्रश्न याच फोनवर. कंपनीच्या गटविम्यात वेटिंग बहुतेकदा नसतं, स्वतः विकत घेतलेल्या विम्यात बहुतेकदा असतं. हे सगळं जमण्यासारखं नसेल, तर डॅलसमध्येच टेक्सस ए अँड एमचं डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात दर कमी असतात, वेळ मात्र जास्त लागतो. आपल्याकडे लोक नेरूळ-खारघरच्या डेंटल कॉलेजांत जातात तसंच.

डीप क्लीनिंगवर जरा थांबतो. आपल्याकडून गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या भेटीत हा धक्का बसतो आणि सगळ्यांचा पहिला संशय एकच: लुटतायत. कधी खरं असतं, पण तुम्हाला वाटतं तितक्या वेळा नाही. तिथे पहिल्याच भेटीत बारीक खुणांची एक काडी प्रत्येक दाताच्या सहा बाजूंनी हिरडीत उतरवतात आणि एकजण आकडे ओरडतो, दुसरा लिहून घेतो: तीन, दोन, तीन, पाच. हे हिरडी आणि दात यांच्यातल्या फटीची मिलिमीटरमधली खोली. तीनपर्यंत ठीक. चार-पाचच्या पुढे, रक्त येतंय आणि एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेलं दिसतंय, तर वरवरची सफाई पुरत नाही, मुळांवरचा थर काढावा लागतो. तो तोंडाच्या चार भागांत वेगवेगळा मोजतात, म्हणून बिल चौपट दिसतं. आणि आपली बाजू अशी की कित्येक घरांत अजून "दात साफ केले की हलायला लागतात" हे वेदवाक्य आहे. तिशीतला शिकलेला मुलगा आयुष्यात एकदाही सफाई न करता परदेशी जातो. टार्टर (दातांवरचा कडक थर) निघाल्यावर मोकळं वाटतं, कारण ते दातांमध्ये गच्च भरून बसलेलं असतं. दात त्याने धरून ठेवलेले नसतात.

तेव्हा चिरंजिवांनी तो आकड्यांचा तक्ता मागून घ्यावा. नुसते तीन-चार असतील आणि हाड जागेवर असेल, तर साधी सफाई करा म्हणावं, ती विम्यात पूर्ण बसते. खरंच पाच-सहा असतील, तर डिसेंबरात मी स्वतः मोजेन आणि दोन बैठकांत इथे करून देईन. एक मात्र आधीच सांगतो. हिरडीचं हे काम संपणाऱ्यातलं नाही. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी सफाई लागते आणि ती तिथेच करावी लागेल. तिला 'पेरिओडाँटल मेंटेनन्स' असा वेगळा कोड लावतात, आणि काही योजना तिचे १०० नाही तर ८० टक्केच देतात.

अमेरिकेचं गणित बाकी देशांना जसंच्या तसं लावू नका. इंग्लंडला जाणारे व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतात (विद्यार्थी ७७६) आणि दातही त्यातच आले असं समजतात. दातांचे पैसे एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतही मोठ्या माणसाला वेगळे द्यावे लागतात, पण ते ठरलेल्या तीन पट्ट्यांत. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडचे दर २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड होते. गंमत म्हणजे तिसऱ्या पट्टीत क्राउनसकट सगळा उपचार येतो. म्हणजे हीच दाढ लंडनमध्ये एनएचएसच्या डेंटिस्टकडे त्या दराने ३२६.७० पौंडांत पूर्ण झाली असती. पण तो डेंटिस्ट मिळाला पाहिजे. नवे पेशंट घेणारा एनएचएस दवाखाना सापडणं हेच तिथलं खरं दुखणं आहे, म्हणून पोचल्यावर बँकेच्या खात्याबरोबरच डेंटिस्टकडे नाव नोंदवून टाकावं. अठराखालच्या मुलांना, आणि बाळंतपणात व नंतर वर्षभर आईला, हे उपचार मोफत असतात.

जर्मनी मला शिस्तीच्या दृष्टीने सगळ्यात आवडते. तिथे दर वर्षी तपासणीचा शिक्का एका छोट्या वहीत मारून घ्यायचा. कॅप-ब्रिजच्या ठरावीक खर्चाचे विमा ६० टक्के देतो, सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर ७०, दहा वर्षांचे असतील तर ७५. आपली मुलं पहिली तीन-चार वर्षं "दुखत तर नाही" म्हणून जात नाहीत आणि ते टक्के घालवतात. कॅनडात प्रांताच्या आरोग्यकार्डात मोठ्यांचे नेहमीचे दातांचे उपचार येत नाहीत. केंद्राची नवी दंतयोजना आहे, पण ती ९० हजार डॉलरच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि दुसरा डेंटल विमा नसलेल्यांसाठी, आणि टॅक्स रिटर्न भरलेलं असावं लागतं. ऑस्ट्रेलियात 'एक्स्ट्राज' नावाचा विमा घ्यावा लागतो आणि मोठ्या कामाला सहसा वर्षभर थांबावं लागतं. जपानला गेलेले पेशंट मात्र सुखी आहेत. तिथे दातही राष्ट्रीय विम्यातच, पेशंटने ३० टक्के भरायचे. आखातातले आपले लोक दर वर्षी सुट्टीत येऊन इथेच करून घेतात, त्यांना मी काय शिकवणार.

आता सूनबाई. त्यांच्याकडे दोन महिने आहेत, आणि त्यांचा प्रश्न मुलाच्या प्रश्नापेक्षा जास्त नाजूक आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ योजनांत 'मिसिंग टूथ क्लॉज' असतो: विमा सुरू होण्याआधी जो दात गेलेला आहे, त्याच्या जागी काही बसवायचे पैसे मिळणार नाहीत. तिथे एका इम्प्लांटचा (हाडात बसवायच्या स्क्रूचा) कॅपसह खर्च तीन ते सहा हजार डॉलर होतो, तो सगळा खिशातून. इथे पंचवीस ते पन्नास हजार रुपये, ब्रँडप्रमाणे. पण इम्प्लांट एका सुट्टीत होत नाही. खालच्या जबड्यात स्क्रू हाडात पक्का रुजायला साधारण तीन महिने लागतात.

म्हणून त्यांनी या आठवड्यात सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करावा. हाड पुरेसं असेल, तर लगेच स्क्रू बसवून टाकू. दहा दिवसांत टाके निघतील, जायच्या आधी दीड महिना माझ्या नजरेखाली राहील, आणि कॅप पुढच्या वर्षीच्या फेरीत. मधे हिरडीवर फक्त एक छोटं धातूचं झाकण दिसेल. हाड कमी आहे, ते वाढवावं लागेल असं निघालं, तर जानेवारीच्या घाईत मी हात लावणार नाही. दाढ नसली तर जीव अडत नाही, पण अर्धवट रुजलेल्या इम्प्लांटला तिथे जंतुसंसर्ग झाला तर दुसऱ्याचं अर्धं काम हातात घ्यायला तिथला कुणी डॉक्टर सहसा तयार होत नाही. ब्रिज दहा दिवसांत होईल हे खरं, पण त्यासाठी शेजारच्या दोन धडधाकट दाढा घासाव्या लागतील. सत्ताविशीतल्या मुलीच्या निरोगी दाढा केवळ व्हिसाच्या तारखेपायी घासायला माझं मन होत नाही.

इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर. तो स्टिकर पासपोर्टइतका जपून ठेवायचा. प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा. उद्या ह्यूस्टनमध्ये स्क्रू ढिला झाला आणि कंपनी कुठली हेच माहीत नसेल, तर दहा मिनिटांचं काम दोन महिने रखडतं. याच कारणासाठी बाहेर जाणाऱ्याला मी स्ट्रॉमन, नोबेल किंवा ऑस्टेम असे सगळीकडे ओळखीचे ब्रँड सुचवतो. त्यात पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

त्यांचा ओपीजीही (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) काढा. अर्धी वर आलेली अक्कलदाढ, जुन्या सिमेंटखालची कीड, कॅपखालचा काळा डाग, असं "नंतर बघू" म्हणून ठेवलेलं सगळं आत्ता संपवा. विशेषतः खालची अक्कलदाढ पूर्वी एकदा जरी सुजलेली असेल तर. पुढच्या एक-दोन वर्षांत बाळाचा विचार असेल तर ती तेव्हाच डोकं वर काढते, आणि गरोदरपणात एक्स-रे, औषधं, शस्त्रक्रिया सगळ्यालाच विचार करावा लागतो. दाढ काढायची तर निदान दोन-तीन आठवडे आधी. अक्कलदाढ काढून तिसऱ्या दिवशी विमानात बसणारे भेटतात. तिसरा-चौथा दिवस हा खड्डा कोरडा पडून ठणकायचा नेमका काळ असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: एक्स-रे मोबाईलवर काढलेले फोटो नव्हेत, मूळ फाईली, सीबीसीटीची डायकॉम (स्कॅनची मूळ) फाईल, कॅपचं वॉरंटी कार्ड, आणि बिल, ज्यावर दाताचा नंबर, कामाचं नाव, तारीख आणि डॉक्टरचा महाराष्ट्र दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असेल. काही पीपीओ (नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडेही चालणाऱ्या) योजना परदेशात केलेल्या कामाचेही थोडेफार पैसे देतात, काही फक्त तातडीच्या कामाचे. मुलाने डिसेंबरातल्या कॅपसाठी विचारून बघावं. मिळाले तर मिळाले.

शेवटी तुम्ही दोघं. भारतातून काढलेल्या प्रवासी विम्यात दाताचं असतं ते अचानक उठलेल्या कळेपुरतं, तेही थोड्या रकमेपर्यंत. कवळी तुटणं, कॅप निघणं, जुनी कीड यात येत नाही. तुमच्या वरच्या कवळीला मधोमध बारीक चीर आहे, हे मी मागच्या खेपेला बोललो होतो. मेपर्यंत ती टिकेल यावर विसंबू नका. नवी करून घ्या आणि जुनी दुरुस्त करून सामानात टाका. चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पिशवीत.

आणि वहिनींबद्दल. हाडांच्या ठिसूळपणासाठी त्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनेटचं इंजेक्शन देतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. हे ओझरतं नाही. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही आणि उघडं पडतं. त्यांचा तो हलणारा दात काढायचा की ठेवायचा, हे पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. अमेरिकेत कुणी दात काढायला निघालं तर या इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख आधी सांगायची. तुमची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची (रक्त पातळ ठेवणारी) गोळीही दातासाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता ती थांबवणं रक्तस्रावापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

हल्ली 'दहा दिवसांत नवे दात' अशा जाहिराती खास परदेशी राहणाऱ्यांसाठी येतात, विमानतळावरून ने-आण सुद्धा. तुमच्या मुलाच्या मोबाईलवरही त्या येतच असतील. सगळे दात काढून त्याच आठवड्यात इम्प्लांटवर पक्के दात बसवणं काही निवडक पेशंटमध्ये जमतं. पण जे बिघडायचं ते सहाव्या महिन्यात बिघडतं, आणि तेव्हा पेशंट सातासमुद्रापार आणि दवाखाना ठाण्यात. असल्या पॅकेजात चार चांगल्या दातांचाही बळी जातो, कारण सगळे काढणं डॉक्टरला सोपं पडतं.

चिरंजिवांनी आज रूट कॅनालची वेळ घ्यावी, आणि ती ठरली की डिसेंबरातली वेळ माझ्याकडे फोनवर पक्की करावी. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जेट लॅगमुळे तो नाहीतरी पहाटे चारला उठून बसलेला असेल. दरवर्षी लोक निघायच्या तीन दिवस आधी येतात आणि कॅप एका दिवसात मागतात. नाताळाच्या आठवड्यात लॅबही अर्धी बंद असते. सूनबाईंना सीबीसीटीसाठी शनिवारपर्यंत पाठवा, आणि येताना दोन वर्षांपूर्वी दाढ काढली तेव्हाचा एक्स-रे असेल तर तो बरोबर द्या.